रूळ उचलले, जमिनीचं काय?

(वनगावांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट लावलं आहे.)



आज दावे, दंड, पावत्या हे नेहमीचं बोलणं थोडं बाजूला ठेवू आणि रुळांबद्दल बोलू. लाकडाच्या डेपोकडे जाणारी जुनी सायडिंग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कित्येक वर्षांत तिच्यावरून एक डबा गेला नाही. रुळांमध्ये टाकळा माजलाय, सिलीपाटं कुजलीत, पोरं त्यावर बसून गप्पा मारतात. आता अचानक गॅस-कटर घेऊन माणसं आली आणि रूळ कापायला लागली. तेव्हापासून गावागावांत दोन प्रश्न विचारले जातात. एक, इतकी वर्षं पडून होतं ते आत्ताच का उचलतात? आणि दुसरा, जो खरा पोटातला आहे, की रूळ गेले म्हणजे जमीन मोकळी झाली का? भरावाच्या दोन्ही अंगाला आपली नाचणी आहे, भाताची खाचरं आहेत. ती राहणार का जाणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण ते नीट समजून घेऊ. ते कळलं नाही तर दुसऱ्यात आपण फसतो.

मोठी लाईन आणि सायडिंग जिथे मिळते त्या जागेला सांधा म्हणतात. तिथे रुळाची दोन पाती सरकतात आणि गाडी इकडे जायची का तिकडे हे ठरतं. आपल्यातले जे गँगमध्ये कामाला होते ते सांगतील, की साऱ्या लाईनीत सगळ्यात कटकटीची जागा ही. सरळ रुळावर चाक गुपचूप जातं, सांध्यावर ते आपटतं. पाती झिजतात, बोल्ट सैल होतात, मध्ये खडा अडकला तर पातं पुरतं चिकटत नाही आणि गाडी घसरते. म्हणून सांध्याला तेल द्यायचं, साफ ठेवायचं, मोजमाप घ्यायचं. सायडिंगवर गाडी जावो न जावो, मोठ्या लाईनीवरची गाडी त्या सांध्यावरून रोजच जाते. म्हणजे खालची लाईन मेली तरी वरचं दुखणं चालूच.

दुसरं भय उलट बाजूचं. सायडिंगवर उभा असलेला डबा उतारावरून आपोआप घरंगळत मोठ्या लाईनीवर आला, तर समोरून येणाऱ्या गाडीतली माणसं मरतील. म्हणून लाईन वापरात नसली की पहिल्यांदा सांधा बंद करतात. पाती एका बाजूला दाबून शिकंजा आवळतात, कुलूप घालतात, किल्ली स्टेशनमास्तरकडे. पुढे वर्ष-दोन वर्षं कुणी लाईन मागितली नाही, की अख्खा सांधा काढून तिथे सरळ रूळ टाकतात. आपल्या सायडिंगचं हेच झालं. तिचं तोंड आधी कापलं गेलं, धड बरीच वर्षं पडून राहिलं, आणि आता धड उचलायला आलेत.

धड का उचलतात? लोखंडासाठी. हिशोब करा. जुन्या मापाचा नव्वद पौंडी रूळ म्हणजे एका मीटरला जवळजवळ 45 किलो. लाईनीला रूळ दोन. म्हणजे एका किलोमीटरला साधारण 90 टन लोखंड, त्यात फिशप्लेटी, बोल्ट, खिळे वेगळेच. बरा रूळ असेल तर तो दुसऱ्या कुठल्या सायडिंगला लावतात, झिजलेला असेल तर लिलावात भंगार म्हणून जातो. शिवाय लाईन कागदावर जिवंत आहे तोवर तिची तपासणी, मोऱ्या, फाटकं, सगळ्याचा खर्च कागदावर चढतो. चोरीही होते. म्हणून कुणातरी साहेबाने कधीतरी ठरवलं, की काढून टाका. यात आपल्यावर डाव धरलाय असं काही नाही. साहेबाने गाव बघून निर्णय केला नाही, लोखंड बघून केला. गावाचा विचारच त्यात नाही, हीच आपली तक्रार आहे.

रूळ उचलणं ही काही आजची गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने आपल्या देशातल्या कितीतरी लहान लाईनी उखडल्या, रूळ युद्धाच्या कामाला हवे होते म्हणून. केरळात निलांबूर म्हणून ठिकाण आहे. तिथे 1840 च्या दशकात इंग्रजांनी सागाची लागवड केली होती. त्या निलांबूरपर्यंत 1927 मध्ये रेल्वे आली आणि 1941 मध्ये तिचे रूळ काढून नेले. पंजाबच्या डोंगरात, कांगड्याच्या छोट्या लाईनीचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडाही असाच काढला. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, आणि 1954 च्या सुमाराला दोन्हीकडे पुन्हा रूळ पडले. त्याच वाटेवर, त्याच भरावावर. हे लक्षात ठेवा. रूळ बारा-तेरा वर्षं नव्हते, पण जमीन रेल्वेने सोडली नव्हती.

आता जंगलाच्या लाईनीची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यासारख्यांची आहे. तीही केरळातलीच. कोचीन संस्थानच्या राजाने परंबिकुलमच्या जंगलातला साग खाली आणायला चालकुडीपर्यंत ट्रामची लाईन बांधली. 1907 च्या सुमाराला ती चालू झाली. लांबी सुमारे 80 किलोमीटर. मध्ये डोंगर इतके उभे की इंजिन चढेना. मग युक्ती अशी, की भरलेले डबे उतारावरून सोडायचे आणि त्यांच्या वजनाने दोरावरून रिकामे डबे वर ओढले जायचे. साग स्वतःच्या वजनाने खाली उतरायचा आणि पुढचा साग न्यायला रिकामा डबा वर पाठवायचा. पन्नासहून जास्त वर्षं हे चाललं. त्या जंगलात कादर म्हणून आपले भाऊबंद राहतात. मध, मेण, कंद यावर जगणारी माणसं, जंगलाची वाट न् वाट माहीत असलेली. 1963 मध्ये ट्राम तोट्यात म्हणून बंद झाली. लोखंड भंगारात गेलं. मग जंगल कादरांना मिळालं का? नाही. त्याच भागात धरणं झाली, धरणांनी कादरांना आणखी हलवलं, आणि उरलेलं जंगल पुढे अभयारण्य झालं. ट्रामसाठी बांधलेले काही पूल अजून रानात उभे आहेत म्हणतात. पूल राहिले, आणि ज्यांचं रान होतं ते परवानगी मागत फिरतात.

आपल्याकडेही रेल्वे आणि वनखातं हे जुळे भाऊ आहेत. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. रुळाखाली घालायला लाकडी सिलीपाटं लागायची, एका मैलाला 1,760 ते 2,000. साहेबाला भीती पडली की लाकूड संपेल. 1864 मध्ये वनखातं उभं राहिलं, ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस त्याचा पहिला मुख्य. 1865 ला पहिला जंगल कायदा, 1878 ला दुसरा, जास्त कडक, ज्याने जंगल राखीव केलं आणि आपले हक्क 'सवलती' झाले. आजच्या गार्डाची दंडाची पावती मागे मागे नेली तर ती त्या सिलीपाटापाशी जाते. म्हणून आज कुणी म्हणालं, रुळांशी आपला काय संबंध, तर त्याला हे सांगा.

रूळ घाईने उचलण्याचं आणखी एक कारण असतं. ते रेल्वेवाला कधी तोंडाने सांगत नाही. रूळ जागेवर असले की लोक म्हणतात, गाडी पुन्हा चालू करा. रूळ गेले की मागणीचा दोरच तुटतो. विलायतेतली गोष्ट आहे. 1963 मध्ये तिथल्या रेल्वेचा प्रमुख बीचिंग याने अहवाल काढला, की 2,363 स्टेशनं आणि सुमारे 5,000 मैल लाईन बंद करा. स्कॉटलंडच्या सीमेवरची एक लाईन अशीच बंद व्हायची होती. तिथल्या एका घरकाम करणाऱ्या बाईने 11 हजारांवर सह्या गोळा करून थेट पंतप्रधानाच्या दारात नेऊन दिल्या. तरी ऐकलं नाही. जानेवारी 1969 मध्ये शेवटची गाडी रात्री निघाली, तेव्हा न्यूकॅसलटन नावाच्या लहान गावातल्या लोकांनी फाटक लावून घेतलं आणि रुळावर उभे राहिले. गावच्या पाद्र्याला पोलिसांनी पकडलं. तिथला खासदार डेव्हिड स्टील त्याच गाडीत होता. तो खाली उतरला, लोकांशी बोलला, पाद्र्याला सोडवलं, मग गाडी गेली. आणि दोन-तीन दिवसांतच रेल्वेने पेपरवाल्यांना बोलावून त्याच लाईनीवरचा रुळाचा एक तुकडा काढून दाखवला. लोखंडाची एवढी काय घाई होती? घाई होती ती 'संपलं' हे दाखवण्याची.

आपण मात्र गाडी मागत नाही. त्या सायडिंगवरून आपला माणूस कधी बसून गेला नाही, आपलं लाकूड गेलं. आपला प्रश्न जमिनीचा आहे.

इथे सगळ्यांनी कान द्या. रूळ एकाचा, जमीन दुसऱ्याची असू शकते. बऱ्याच सायडिंगांत असं होतं, की ज्याच्यासाठी लाईन टाकली त्याने भरावाचा खर्च दिला आणि रूळ रेल्वेने दिले. तेव्हा रूळ कोण उचलतो यावरून जमीन कुणाची हे ठरत नाही. ठेकेदाराचा मुकादम मोठ्याने म्हणतो, "ही सगळी आमची जागा," म्हणून ती त्याची होत नाही. आणि तो म्हणाला, "आता तुम्ही कसा, कोण विचारतंय," म्हणून ती आपलीही होत नाही. हे दुसरं वाक्य जास्त धोक्याचं आहे, कारण ते गोड लागतं.

कुणी म्हणेल, की जमीन ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं, आता परत द्या. न्यायाचं बोलणं आहे, आपण ते बोलत राहू. पण कायद्यात काय आहे ते माहीत हवं. 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमीन कायमची घेतली असेल तर ती सर्व बोज्यांतून मोकळी होऊन सरकारची झाली. काम संपलं म्हणून ती मूळ मालकाला परत करायची असं कलम त्या कायद्यात नव्हतं. आपला जमीन परत मिळवण्याचा 1974 चा कायदा बिगर-आदिवासीच्या हातात गेलेल्या जमिनीसाठी आहे, सरकारने संपादन केलेल्या जमिनीला तो लागत नाही. जमीन वनखात्याची असून लाईनीला वापरायला दिली असेल तर रूळ निघाल्यावर ती पुन्हा वनखात्याकडे, आणि 1980 चा कायदा वर उभाच आहे. म्हणजे रूळ निघाले की एका साहेबाच्या फायलीतून दुसऱ्या साहेबाच्या फायलीत.

पण एक फट आहे. त्याच 1894 च्या, 2014 पासून रद्द झालेल्या कायद्यात कलम 35 होतं. त्याप्रमाणे पडीक किंवा पिकाऊ जमीन तात्पुरती, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी घेता यायची, आणि कलम 36 प्रमाणे मुदत संपल्यावर ती ज्याची त्याला परत करावी लागायची, झालेली नुकसानी भरून. जुन्या काळात डेपोला, खडीला, रस्त्याला अशी तात्पुरती जमीन घेऊन साहेब विसरून गेला, असं झालं असेल तर आपला दावा पक्का होतो. आणि असंही असेल, की कागदच नाही. लाईन टाकायची होती, आदिवासी बोलला नाही, टाकली. तसं असेल तर 'संपादन झालं होतं' हे सिद्ध करायचं काम त्यांचं.

अमेरिकेत हा झगडा मजेशीर वळणाने गेला. तिथे कित्येक ठिकाणी रेल्वे कंपनीला जमीन मिळाली नव्हती, फक्त शेतातून लाईन न्यायचा हक्क मिळाला होता. कंपनीने लाईन सोडली की हक्क संपला, जमीन शेतकऱ्याची. तिकडे लाईनी भराभर बंद व्हायला लागल्या, तेव्हा 1983 मध्ये सरकारने कायदा केला, की अशा वाटेवर लोकांना चालायला, सायकलीला रस्ता करा, आणि रूळ निघाले तरी 'लाईन सोडली' असं धरू नका. पुढे कधी रेल्वे लागली तर वाट अखंड राहील. शेतकरी कोर्टात गेले. 1990 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायदा चालेल, पण शेतकऱ्याची जमीन अडकली तर त्याला भरपाई मागता येईल. शेतकऱ्याच्या हातात कागद होता म्हणून एवढं तरी मिळालं. आणि त्या शेतकऱ्याच्याही आधी ती जमीन कुणाची होती? तिथल्या मूळ माणसांची. 1862 मध्ये अमेरिकेने पूर्व-पश्चिम रेल्वेचा कायदा केला. त्यात लिहून ठेवलं, की लाईनीच्या वाटेवरचे मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे हक्क सरकार लवकरात लवकर संपवील. त्यांचा विषय आता कोर्टात आलासुद्धा नाही. कागद नसलेल्याचा विषय येत नाही.

म्हणून कागद. तलाठ्याकडून सायडिंगच्या दोन्ही बाजूंच्या गटांचे सात-बारा आणि जुने फेरफार काढायचे. संपादन झालं असेल तर कमी-जास्त पत्रक झालेलं असणार, निवाडा झालेला असणार. तालुक्याच्या मोजणी कार्यालयात गावनकाशा आणि टिपण पाहायचं. लाईनीची पट्टी नकाशावर वेगळी दाखवली आहे का, किती रुंद, कुणाच्या नावे. खूपदा असं होतं, की पट्टी नकाशावर अरुंद आणि कुंपण मात्र रुंद. त्या फरकात आपली खाचरं असतात.

आता लोखंडाचं. हे ऐकायला कडू आहे, पण स्पष्ट बोलतो. चार पोरांना रेल्वे सुरक्षा दलाचं बोलावणं आलंय. एकाच्या घरी फिशप्लेट सापडली, तिच्यावर बाई मिरची वाटत होती. एकाकडे रुळाचा तुकडा, टांगून शाळेची घंटा केलेला. हसू नका. 1966 चा रेल्वे मालमत्ता कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कोर्टाने खास कारण लिहिलं नाही तर एक वर्षाहून कमी नाही. वस्तू रेल्वेची आहे आणि ती चोरीची असल्याचा वाजवी संशय आहे हे सिद्ध झालं, की ती सरळ मार्गाने आली हे दाखवायचं ओझं आपल्यावर येतं. आणि आणखी एक. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी हा त्या अर्थाने पोलीस नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 1980 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं. त्याच्यापुढे सांगितलेलं, अंगठा लावलेलं, आपल्याविरुद्ध चालतं. म्हणून एकट्याने जायचं नाही. खोटं बोलायचं नाही, पण जे लिहिलंय ते आपल्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही.

त्यावरून हेही सांगतो, की रूळ उचलणाऱ्यांना आडवं जायचं नाही. लोखंड आपलं नाही, त्यासाठी एकही माणूस आत जाऊ नये. रुळावर बसायची हौस असलेल्यांना ते न्यूकॅसलटन आठवेल. पण ते गाडी वाचवायला बसले होते, आपण काय भंगार वाचवायला बसायचं? कुजकी सिलीपाटं ठेकेदाराने दिली तरी चुलीत घालू नका. त्यांना क्रिओसोटचं काळं तेल पाजलेलं असतं, धूर डोळ्याला आणि छातीला वाईट. आणि उद्या तोच ठेकेदार 'चोरली' म्हणेल.

आपण मागायचं ते वेगळं. ठेकेदाराचा ट्रक परवा भाताच्या खाचरातून घातला, बांध फुटला. त्याचा पंचनामा तलाठ्याने करावा, उभ्या पिकाची नोंद त्यात यावी, पंच गावचे असावेत. ही नोंद पुढे कामाला येते. त्या जागी पीक होतं, कसणारा होता, हे सरकारी कागदावर येतं. भरावाखालच्या मोऱ्या बुजल्यात, पावसाळ्यात वरच्या पाड्याचं पाणी तुंबतं. रूळ नेताय तर मोऱ्या मोकळ्या करून द्या, हेही लेखी मागायचं. आणि जागा खाली करा म्हणून कुणी आलं, तर तोंडी हुकमावर हलायचं नाही. रेल्वेच्या किंवा केंद्र सरकारच्या जागेवरून काढायचं तर 1971 च्या कायद्याप्रमाणे आधी लेखी नोटीस, मग सुनावणी, मग हुकूम. हुकमावर जिल्हा न्यायाधीशाकडे अपील करता येतं, पण मुदत फक्त 12 दिवसांची आहे. नोटीस आली की खोपटाच्या छपरात खोचून ठेवू नका, त्याच दिवशी संघटनेच्या खोलीवर आणा.

आता कामाची वाटणी. खालच्या तीन पाड्यांनी सात-बारा काढायचे, नकलेची फी संघटनेच्या पेटीतून. गँगमध्ये काम केलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी पोरांना घेऊन सायडिंग पायी फिरावी आणि कुंपणाचे जुने दगड कुठे आहेत ते दाखवावेत, म्हणजे दोरीने मोजता येईल. रेल्वेच्या हद्दीत उगाच शिरू नका, तेवढ्यावरूनही सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो; भरावाच्या बाहेरून चाला. ज्या चौघांना बोलावणं आलंय ते आणि त्यांच्या घरचे आत्ता जेवण झाल्यावर थांबतील, वकिलांना काय सांगायचं ते बसून लिहू. बाकीचे पुढच्या अमावास्येला, कागद घेऊन.